छोट्या उद्योगात नवीन मशीन, नवीन तंत्रज्ञान आणि सरकारी मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं छोटं मशीन शॉप आहे आणि आमच्या एमआयडीसीतल्या ग्रुपवर अनुदानाबद्दल कुणी काही विचारलं की हळूहळू सगळे माझ्याकडेच पाठवायला लागले. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. बहुतेक गोष्टी केंद्राच्या योजनांच्या आहेत, महाराष्ट्राचं जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलंय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, सारखे होते ते एकत्र केलेत. घाईत असाल तर निदान प्र. ७ तरी वाचा, कारण लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

१. सरकार नवीन मशीनसाठी फुकट पैसे देतं म्हणतात, खरंय का?

नाही, आणि हे पहिल्यांदाच डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. मशीनवरची जवळजवळ सगळी मदत बँकेच्या कर्जाला जोडलेली असते, म्हणजे बँक आधी तुमच्या धंद्यावर विश्वास ठेवून टर्म लोन (ठरावीक मुदतीत हप्त्यांनी फेडायचं कर्ज) देते आणि सरकार त्यातला काही टक्के भार उचलतं. यालाच भांडवली अनुदान म्हणतात. दुसरा प्रकार व्याजात सवलत. तिसरा कर्जाची हमी, म्हणजे तारण नसेल तरी बँकेने द्यावं म्हणून सरकारी ट्रस्ट मागे उभा राहतो. चौथा प्रकार म्हणजे प्रमाणपत्र, सल्लागार, पेटंट असल्या खर्चाचा काही भाग परत मिळतो. आणि पाचवा, ज्याबद्दल मला कधीच कुणी विचारत नाही, तो म्हणजे टूल रूम आणि टेस्टिंग लॅब, त्यावर प्र. १४ मध्ये सविस्तर लिहिलंय.

२. सुरुवात कुठून करू? एजंट उद्यम रजिस्ट्रेशनचे पैसे मागतोय, द्यायचे का?

सुरुवात उद्यम रजिस्ट्रेशनपासूनच, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीपासून, आणि एक रुपयासुद्धा द्यायचा नाही. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी उद्यम आलं, ते पूर्ण मोफत आहे, आधार आणि पॅन लागतं, जीएसटी लागू असेल तर तो नंबर, आणि माहिती स्वतःच जाहीर करायची असते, कागद अपलोड करायची भानगड नाही. नंबर कायमचा असतो, रिन्यूअल नावाचा प्रकारच नाही. 'तुमचं उद्यम एक्स्पायर होतंय' असा मेसेज आला तर सरळ डिलीट करा. सरकारीसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच साइट फी घेतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघूनच पुढे जा.

जीएसटीतून सूट असलेले अगदी लहान व्यवसाय, ज्यांच्याकडे कागद फारसे नसतात, त्यांच्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये उद्यम असिस्ट सुरू झालंय, तिथे बँक किंवा फायनान्स संस्थेमार्फत नोंद होते.

३. माझा धंदा सूक्ष्म, लघु की मध्यम, हे कसं कळणार?

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा बदलल्यात, नेटवर अजून जुने आकडे फिरतायत. आता यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटीपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटीपर्यंत मध्यम. दोन्ही अटी एकदम बसल्या पाहिजेत, एक जरी ओलांडली तरी वरच्या वर्गात जाता. जमीन आणि इमारत गुंतवणुकीत धरत नाहीत, आणि निर्यातीची विक्री उलाढालीत धरत नाहीत. मशीन घेतल्यामुळे वर्ग बदलला तर काय, ते प्र. १८ मध्ये.

४. आमचं दुकान आहे, कारखाना नाही. आम्हाला काही आहे का?

थोडं आहे, पण उगाच आशा लावत नाही. २ जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं, पण फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं, त्यामुळे यंत्रसामग्रीवरच्या बहुतेक अनुदानांमध्ये निव्वळ खरेदी-विक्री बसत नाही. बिलिंग मशीन, काटा, फ्रीज, संगणक यासाठी मुद्रा कर्ज बघा, त्याची मर्यादा १० लाखांची २०२४ मध्ये २० लाख झाली, मात्र १० लाखांच्या वरचं कर्ज, मुद्राचंच आधीचं 'तरुण' कर्ज नीट फेडलेल्यालाच मिळतं. मुद्रामध्ये अनुदान नसतं हे लक्षात ठेवा, 'मुद्रावर ५०% माफ' असं कुणी म्हणत असेल तर तो फसवतोय.

५. नवीन युनिट टाकायचंय. कोणती योजना?

सगळ्यात आधी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, सेवेसाठी २० लाखांपर्यंत. सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या शहरात १५%, ग्रामीण भागात २५% अनुदान. महिला, एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक यांना शहरात २५% आणि ग्रामीणमध्ये ३५%. स्वतःचा वाटा पहिल्या गटाला १०%, दुसऱ्याला ५%. उत्पन्नाची मर्यादा नाही, वय १८ च्या वर हवं, आणि उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर निदान आठवी पास पाहिजे. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत.

हिशेब करून दाखवतो. ग्रामीण भागातली एक ताई २० लाखांचं उत्पादन युनिट टाकतेय. तिचे १ लाख, बँकेचं कर्ज १९ लाख, अनुदान ७ लाख. म्हणजे शेवटी कर्जाचा खरा बोजा १२ लाखांचा. पण ते ७ लाख पहिल्या दिवशी हातात पडत नाहीत, ते का ते प्र. ११ मध्ये.

खाण्याच्या पदार्थांचं युनिट असेल तर पीएमएफएमई, म्हणजे लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना बघा, २९ जून २०२० ला सुरू झालेली. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५%, जास्तीत जास्त १० लाख, स्वतःचा वाटा निदान १०%. पापड, लोणची, मसाले, गूळ, बेदाणा, डाळ मिल असल्या धंद्यांना ही फार उपयोगाची आहे, आणि चालू युनिटलाही नवीन मशीनसाठी मिळते. महाराष्ट्राचा स्वतःचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून आहे, तोही साधारण पीएमईजीपीच्याच वळणावर चालतो, चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात म्हणजे डीआयसीत करायची.

६. युनिट दहा वर्षं चालू आहे, जुनी लेथ काढून सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) घ्यायचंय. १५% वाली स्कीम अजून आहे का?

ज्या स्कीमबद्दल सगळे विचारतात ती म्हणजे सीएलसीएसएस, १ कोटीपर्यंतच्या मशीनवर १५%, म्हणजे जास्तीत जास्त १५ लाख. ती सर्वसाधारण गटासाठी मार्च २०२० नंतर बंद झाली. फार लोकांना तिचा आधार होता आणि तिच्या तोडीचं सगळ्यांसाठीचं काही मागून आलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण रस्ता अगदी संपलेला नाही.

एससी-एसटी उद्योजकांसाठी खास सीएलसीएसएस आहे, मशीनवर २५%, कमाल २५ लाख. याची माहिती फार कमी जणांपर्यंत पोचलीय, ओळखीत कुणी असेल तर आवर्जून सांगा.

तुमचं युनिट मुळात पीएमईजीपी किंवा मुद्रावर उभं राहिलं असेल आणि पहिलं कर्ज वेळेत फेडलं असेल, युनिट नफ्यात असेल, तर विस्तारासाठी दुसरं कर्ज मिळतं. उत्पादनाला १ कोटीपर्यंतचा प्रकल्प, सेवेला २५ लाखांपर्यंत, आणि त्यावर १५%.

मशीन विजेची बचत करणारं असेल, म्हणजे भट्टी, कॉम्प्रेसर, बॉयलर वगैरे, तर अदिती नावाने ओळखली जाणारी ऊर्जा मंत्रालयाची योजना जुलै २०२५ मध्ये आलीय. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला व्याजात ५%, मध्यमला ३% सवलत. मात्र ठरावीक १४ क्षेत्रांसाठीच आहे आणि आधी एनर्जी ऑडिट करून बचत दाखवावी लागते.

या कशातच बसत नसाल तर डीआयसीत जाऊन राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचं विचारा. ती १९६४ पासून वेगवेगळ्या रूपात चालू आहे आणि तुमचा तालुका कोणत्या गटात येतो त्यावर सवलती ठरतात, विदर्भ-मराठवाड्यातल्या बऱ्याच तालुक्यांना पुण्या-मुंबईपेक्षा खूप जास्त मिळतं.

७. मशीन घेऊन झालंय, बिल माझ्याकडे आहे. आता अनुदानाचा अर्ज केला तर चालेल ना?

बहुतेक वेळा नाही. आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतो आणि दर वेळी तेच उत्तर द्यायला जीव तुटतो.

कर्जाशी जोडलेल्या योजनांमध्ये क्रम ठरलेला असतो. उद्यम, मग क्वोटेशन, मग प्रोजेक्ट रिपोर्ट, मग पोर्टलवर अर्ज, मग बँकेचं सँक्शन लेटर, आणि त्यानंतरच मशीनची ऑर्डर आणि पैसे, तेही बँकेतून सप्लायरच्या खात्यात. पीएमईजीपीत मध्ये ईडीपी, म्हणजे उद्योजकतेचं प्रशिक्षणही करावं लागतं. हा क्रम उलटा झाला की मशीन कितीही चांगलं असलं तरी फाइल अडते, कारण सरकारचं म्हणणं असतं की तुम्ही मदतीशिवायच घेऊ शकलात.

माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या एका मित्राने प्रदर्शनात मशीन बघितलं, 'आजच बुक केलं तर डिस्काउंट' असं ऐकून अर्धे पैसे स्वतःच्या चालू खात्यातून भरून टाकले, आणि अनुदानाचं नंतर बघू म्हणाला. डिस्काउंट मिळालं ते हातातून गेलेल्या अनुदानाच्या चौथ्या हिस्स्याएवढंही नव्हतं. तेव्हा सप्लायर कितीही घाई करू दे, त्याच्याकडून फक्त प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (ऑर्डरआधीचं कच्चं बिल) घ्या आणि सँक्शन हातात येईपर्यंत थांबा.

८. मला कर्जच नकोय, स्वतःच्या पैशाने घेतो. मग अनुदान सरळ मला द्या की!

भावना समजते, पण प्र. ५ आणि ६ मधल्या योजनांना टर्म लोन लागतंच. बँकेने प्रकल्प तपासलाय हीच सरकारसाठी चाळणी असते. थोडंसं कर्ज घेऊन चालेल का, असं काही जण विचारतात, चालतं, पण अनुदान योजनेच्या नियमाप्रमाणेच मोजलं जातं आणि बँकेला नावापुरतं कर्ज द्यायचं नसतं.

कर्जाशिवाय मिळतं ते असं. झेड (दर्जा आणि पर्यावरणाची काळजी याबद्दलचं केंद्राचं) प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्मला ८०%, लघुला ६०%, मध्यमला ५० टक्के सूट, आणि महिला चालवत असलेल्या युनिटला पूर्ण माफ. लीन (कामातला वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची पद्धत) योजनेत, जी १० मार्च २०२३ ला नव्याने आली, सल्लागाराच्या खर्चाचा ९०% भाग सरकार उचलतं. आणि तुम्ही स्वतः काही नवीन बनवलं असेल तर देशातल्या पेटंटचा खर्च १ लाखापर्यंत, परदेशी पेटंटचा ५ लाखांपर्यंत आणि ट्रेडमार्कचा १० हजारांपर्यंत परत मिळतो.

लीनबद्दल माझं स्वतःचं मत सांगतो. नवीन मशीन घ्यायच्या आधी ती करा. आमच्याकडे सल्लागाराने चार दिवस फक्त घड्याळ घेऊन उभं राहून बघितलं, आणि कळलं की जुनं मशीन दिवसातले कितीतरी तास फक्त टूल शोधण्यात आणि सेटिंगमध्ये बंद असतं. मशीनशेजारी टूलची ट्रॉली ठेवली, सेटिंगच्या पट्ट्या रंगवल्या, आणि दुसरं मशीन घ्यायचा विचार आम्ही वर्षभर पुढे ढकलू शकलो.

९. सेकंड हॅन्ड मशीन चांगल्या कंडिशनचं मिळतंय, ते चालेल का?

अनुदानासाठी नाही. जुन्या मशीनवर नवीन कंट्रोलर बसवून दिलेलंही धरत नाहीत. बँक स्वतःच्या जबाबदारीवर जुन्या मशीनला साधं कर्ज देऊ शकते, तो वेगळा विषय. कधी कधी हिशेब मांडला तर अनुदान सोडून निम्म्या किमतीत जुनं मशीन घेणंच फायद्याचं निघतं, तेव्हा टक्केवारीला भुलू नका, महिन्याचा हप्ता आणि महिन्याचं काम शेजारी शेजारी लिहून बघा.

१०. तारण द्यायला घर नाही, जमीन नाही. बँक उभं करेल का? आणि हमी असेल तर कर्ज थकलं की सरकार भरतं ना?

तारण नसणाऱ्यांसाठीच सीजीटीएमएसई आहे, २००० साली केंद्र सरकार आणि सिडबीने (लघुउद्योगांसाठीची विकास बँक) मिळून काढलेला ट्रस्ट. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या कर्जाला हमी देतो, आणि १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झालीय. मोठं मशीन घ्यायचं असेल तर २०२५ मध्येच आलेली एमसीजीएस नावाची वेगळी हमी आहे, १०० कोटीपर्यंतच्या कर्जाला, पण प्रकल्पातला ७५% खर्च यंत्रसामग्रीचा असावा लागतो.

दुसऱ्या भागाचं उत्तर ठणकावून नाही असं आहे. हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. कर्ज थकलं तर ट्रस्ट बँकेला ठरलेला हिस्सा देतो, पण बँक तुमच्याकडून वसुली चालूच ठेवते आणि सिबिल खराब व्हायचं ते होतंच. या हमीची दरवर्षी फी असते आणि ती बहुतेक बँका तुमच्याकडूनच घेतात, हप्त्याचा हिशेब करताना धरा. 'हमी आहे पण तरी घराचे कागद आणा' असं म्हटलं तर विचारा की नेमक्या किती रकमेला तारण मागताय, कारण हमीत घेतलेल्या भागाला बँकेने तारण घ्यायचं नसतं.

११. सँक्शन झालं, मशीन चालू झालं, पण अनुदान खात्यात दिसत नाही. कुणी खाल्लं का?

कुणी खाल्लं नाही. पीएमईजीपीत अनुदान बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं मुदत ठेवीसारखं बाजूला ठेवतात. त्यावर तुम्हाला व्याज मिळत नाही, पण तेवढ्या रकमेच्या कर्जावर बँकही व्याज लावत नाही. तीन वर्षांनी युनिट प्रत्यक्ष चालू आहे याची तपासणी होते आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते. पीएमएफएमईतही तीन वर्षं थांबावं लागतं, आणि कर्ज खातं नियमित असलं पाहिजे.

आता करायचं काम एकच, अनुदानाएवढ्या कर्जावर व्याज लागत नाहीये ना, हे स्टेटमेंट काढून बघा. एका बँकेने आमच्या ओळखीतल्या एका युनिटला पूर्ण रकमेवर व्याज लावलं होतं, दीड वर्षाने लक्षात आलं, लेखी दिल्यावर परत केलं. आणि तीन वर्षांच्या आत शेड बंद करून मशीन विकलं तर अनुदान परत जातं.

१२. तपासणीला कोण येतं, काय बघतं?

फार अवघड नसतं, पण कागद आणि मशीन जुळलं पाहिजे. येणारा माणूस मशीनची नेमप्लेट वाचतो, त्यावरचा सीरियल नंबर बिलाशी लावून बघतो, मशीनसोबत तुमचा फोटो काढतो, वीजबिल आणि उद्यमवरचा पत्ता एकच आहे का बघतो.

आमचं इथेच अडलं होतं. बिलावर सप्लायरने कंट्रोल पॅनलचा नंबर लिहिला होता आणि मशीनच्या मागच्या बाजूला, तेलाने काळी झालेली, हाताएवढी पितळी प्लेट होती तिच्यावरचा नंबर वेगळा. फडक्याने पुसून, टॉर्च मारून वाचला तेव्हा कळलं. सप्लायरकडून लेटरहेडवर दुरुस्तीचं पत्र यायला सहा आठवडे गेले आणि तोपर्यंत फाइल तशीच पडून. म्हणून क्रेन निघून जायच्या आधी, मशीन जमिनीवर टेकल्या टेकल्या नेमप्लेटचा फोटो काढा आणि ट्रान्सपोर्टवाला तिथे उभा असतानाच बिलाशी ताडून घ्या.

१३. मशीन नको, सॉफ्टवेअर हवंय. बिलिंग, स्टॉक, ईआरपी. त्यावर काय मिळतं?

या बाबतीत आपल्याकडची मदत खरंच तोकडी आहे, भांडवली अनुदानं अजून लोखंडाभोवतीच फिरतात. नुसतं सॉफ्टवेअर त्यात बसवणं कठीण जातं. मशीनसोबत येणारं सॉफ्टवेअर, म्हणजे सीएनसीचं कंट्रोल किंवा कटिंगचं नेस्टिंग, मशीनच्याच क्वोटेशनमध्ये एकत्र दाखवलं तर मशीनच्या किमतीत धरलं जाऊ शकतं, तेव्हा सप्लायरला वेगळं बिल करू नको म्हणून आधीच सांगा.

ई-इन्व्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना सक्तीचं झालं, त्यामुळे बरेच जण घाबरून महागडं पॅकेज घेतात. आधी तुमच्या कर सल्लागाराला विचारा, लहान धंद्याला साधं पॅकेज पुरतं. ऑनलाइन विक्रीसाठी ओएनडीसीवर (ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं जाळं) यायचं असेल तर केंद्राची टीम योजना २७ जून २०२४ ला सुरू झालीय, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कॅटलॉग, खातं, पॅकिंग, वाहतूक यात मदत करणारी, आणि तिच्यात निम्मे लाभार्थी महिलांचे असावेत असं धरलंय.

१४. मशीन घेऊ, पण चालवणार कोण? आमच्या माणसांना संगणक येत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मशीन धूळ खात पडतात ती पैशांअभावी नाही, चालवणारा सोडून गेला म्हणून.

केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाची टेक्नॉलॉजी सेंटर आहेत, ज्यांना आपण टूल रूम म्हणतो. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी आहे. तिथे सीएनसी प्रोग्रामिंग, टूल डिझाइन, मोजमाप यांचे कोर्स असतात. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथली मशीन तुम्ही जॉबवर्कसाठी वापरू शकता. आपल्या शेडमध्ये कधीच परवडणार नाही असं मोजमापाचं मशीन तिथे असतं. पहिला पार्ट काढला, तिथे नेऊन मोजून घेतला, रिपोर्ट कस्टमरला दिला, तर तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. पुण्याजवळ चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे, तिथेही टेस्टिंग आणि प्रोटोटाइप होतात.

आणि मशीन यायच्या आधी दोन माणसं पाठवा, एक नाही. त्यातला एक तुमचा जुना, हाताला अंदाज असलेला लेथवाला असू दे. संगणक त्याला पंधरा दिवसांत येतो, धातूचा अंदाज नवीन पोराला पाच वर्षं लागतात.

१५. आम्ही पंधरा जण एकाच धंद्यातले आहोत, मोठं मशीन एकट्याला परवडत नाही. एकत्र घेता येईल का?

हो, आणि घ्याच. एमएसई-सीडीपी या क्लस्टर योजनेत सामाईक सुविधा केंद्र उभं करायला केंद्राचं अनुदान मिळतं, ५ ते १० कोटींच्या प्रकल्पाला ७०%, १० ते ३० कोटींना ६०%. सगळ्यांनी मिळून एक स्वतंत्र संस्था किंवा कंपनी काढायची, जागा आणि उरलेला हिस्सा सभासदांनी उभा करायचा. वेळ लागतो, दोन-तीन वर्षं सहज. खरी अडचण सरकारी कागद नसून आपापसातला विश्वास असते, आज प्रतिस्पर्धी असलेला माणूस उद्या भागीदार असतो. मशीन कुणाला कधी मिळणार, दर काय, देखभाल कोण बघणार हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून काढा.

१६. इचलकरंजीहून विचारतोय, यंत्रमागवाल्यांचं टफ अनुदान परत सुरू झालं का?

टफ, म्हणजे कापड उद्योगातल्या मशीनसाठीचं केंद्राचं अनुदान, १९९९ ला सुरू झालेलं, त्याची शेवटची सुधारित आवृत्ती २०१६ ते ३१ मार्च २०२२ अशी होती आणि ती संपली. त्या काळात ज्यांनी अर्ज केलेत त्यांच्या जुन्या केसचा पाठपुरावा वस्त्रोद्योग आयुक्तालयाकडे करायचा. नवीन लूमसाठी राज्याचं वस्त्रोद्योग धोरण २०२३ ते २८ बघा, आणि अर्जाआधी प्र. ७ मधला क्रम पाळा, तो इथेही तितकाच लागू.

१७. एकाच मशीनवर दोन योजना घेता येतात का?

एकाच मशीनवर दोन भांडवली अनुदानं नाहीत. पीएमईजीपीला तर दुसऱ्या कोणत्याही सरकारी योजनेतलं अनुदान आधी घेतलेलं युनिट चालतच नाही, अपवाद प्र. ६ मधलं दुसरं कर्ज. पण वेगवेगळ्या प्रकारची मदत एकत्र चालते: अनुदान पीएमएफएमईचं, हमी सीजीटीएमएसईची, झेड प्रमाणपत्र वेगळं, यात अडचण नाही. पीएमएफएमईसोबत कृषी पायाभूत सुविधा निधीची ३% व्याजसवलतही जोडता येते, हे बँकेतल्या लोकांनाही बरेचदा माहीत नसतं, तुम्हीच विषय काढा.

१८. मशीनमुळे गुंतवणूक वाढून मी लघुमधून मध्यममध्ये गेलो, तर सगळे फायदे गेले?

लगेच नाही. ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे वर्ग वर सरकला तरी करसवलती सोडून बाकीचे फायदे तीन वर्षं चालू राहतात. या भीतीने मशीन दुसऱ्याच्या नावावर घेणारे लोक मी बघितलेत, तसलं काही करू नका, पुढे बँकेत आणि करात दोन्हीकडे अडकाल.

१९. अनुदानावर टॅक्स लागतो का? घसारा पूर्ण किमतीवर घेऊ ना?

मशीनसाठी मिळालेलं अनुदान मशीनच्या किमतीतून वजा करायचं आणि घसारा उरलेल्या किमतीवर घ्यायचा. २० लाखांचं मशीन, ५ लाख अनुदान, तर १५% घसारा १५ लाखांवर. जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर ती रक्कम पण किमतीत धरायची नाही. अनुदान बँकेत अडकलेलं असताना ते कोणत्या वर्षी दाखवायचं हे केसप्रमाणे ठरतं, ते सीएच्या समोर सँक्शन लेटर ठेवूनच ठरवा.

२०. बँकेने तोंडी नाही म्हटलं. आता कुणाकडे जाऊ?

आधी ते 'नाही' लेखी घ्या, कारणासकट. पोर्टलवर केलेल्या अर्जावर बँकेला कारण नोंदवावं लागतं. मग डीआयसीत आणि जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरकडे तोच कागद घेऊन जा, कारण बहुतेक कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात: प्रोजेक्ट रिपोर्टमधली विक्री हवेतली, भाडेकरार कमी मुदतीचा, जुन्या क्रेडिट कार्डाची थकबाकी. एमएसएमई मंत्रालयाच्या चॅम्पियन्स पोर्टलवरही तक्रार करता येते. बँकिंग लोकपालाकडे मात्र 'कर्ज दिलं नाही' एवढ्यावर तक्रार चालत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानतात, हमी असूनही तारण मागितलं किंवा व्याज चुकीचं लावलं असलं काही असेल तरच तिकडे जा.

२१. मार्चनंतर योजना बंद होतात असं ऐकलं, घाई करू का?

पीएमईजीपी, पीएमएफएमई अशा बऱ्याच योजनांची मंजुरी १५ व्या वित्त आयोगाच्या कालावधीपुरती, म्हणजे ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी योजना चालू आहे का आणि टक्के तेच आहेत का, हे पोर्टलवर किंवा डीआयसीत विचारूनच पुढे जा, या पानावरच्या आकड्यावर विसंबून ऑर्डर देऊ नका. घाईत केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट परत येतो, त्यात वेळ दुप्पट जातो.

२२. वडिलांनी आधी पीएमईजीपी घेतलंय, मला मिळेल का? आणि बायकोच्या नावावर दुसरं?

या योजनेत कुटुंब म्हणजे फक्त नवरा-बायको. एका कुटुंबातून एकालाच मिळतं, म्हणजे तुम्ही घेतलं असेल तर बायकोला नाही, तिने घेतलं असेल तर तुम्हाला नाही. वडिलांनी घेतलं असलं तरी तुम्ही अर्ज करू शकता, मात्र युनिट खरोखर वेगळं हवं: वेगळी जागा किंवा निदान वेगळा भाडेकरार, वेगळं वीज मीटर, वेगळं उद्यम. वडिलांच्याच शेडमध्ये पडदा टाकून दुसरं युनिट दाखवलं तर तपासणीत पहिल्या पाच मिनिटांत कळतं, आणि मग वडिलांच्या अनुदानाचीही फाइल उघडते.